संगणक, साक्षरता आणि ग्रामीण शाळा : सातारा–सांगली परिसराचा अनुभव

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला :
• ग्रामीण शाळेतील संगणकाचा प्रश्न आणि वाचन-लेखनाचा प्रश्न यांचा परस्परसंबंध स्पष्ट करता येईल.
• सातारा व सांगली या जिल्ह्यांतील साक्षरताविषयक प्रयत्नांची परंपरा सांगता येईल.
• वारणा खोऱ्यातील ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पाचे मर्म विशद करता येईल.
• मराठी कळफलकाच्या रचनेचा अक्षरशिक्षणासाठी उपयोग कसा होऊ शकतो, हे सोदाहरण मांडता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, एखाद्या वाडीवरील दोनशिक्षकी शाळा आपण डोळ्यांसमोर आणू या. पहिली ते चौथीचे वर्ग, वीस-बावीस मुले, दोन खोल्या. एका खोलीच्या कोपऱ्यात कापडाखाली झाकून ठेवलेला संगणक आहे. तो आला त्या दिवशी नारळ फुटला, छायाचित्र निघाले. आज तो सुरू होतो की नाही, हे निश्चित सांगता येत नाही. शेजारच्या खोलीत तिसरीतील एक मुलगी पाठ्यपुस्तकातील वाक्यावर बोट ठेवून अक्षरे सुटी सुटी उच्चारते आहे. परंतु त्यांचा शब्द काही जुळत नाही.

या दोन दृश्यांचा एकमेकांशी संबंध काय, हा या घटकाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. साधनांची उणीव असलेल्या शाळेला संगणक मिळाला पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. शहरातील मुलाला जे सहज मिळते ते वाडीवरील मुलाला मिळू नये, हा अन्यायच होय. परंतु ज्या मुलीला ओळ वाचता येत नाही, तिच्यासाठी पडद्यावरील ओळही तितकीच बंद असते. म्हणून संगणकाचा विचार साक्षरतेपासून तोडून करता येत नाही. सातारा आणि सांगली या परिसराच्या आधारे आपण हा विचार क्रमाने करणार आहोत.

२. परिसर आणि प्रश्नाचे स्वरूप

आजचे हे दोन जिल्हे पूर्वी एकाच प्रशासकीय छत्राखाली होते. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे ‘सांगली’ असे नामांतर झाले. त्यामुळे दोहोंचा शैक्षणिक इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे.

भूगोल मात्र एकसारखा नाही. पश्चिमेस महाबळेश्वर, जावळी, पाटण हा डोंगराळ, अतिवृष्टीचा पट्टा आहे. तेथे वस्त्या विखुरलेल्या असून पावसाळ्यात शाळेपर्यंतची वाटच अवघड होते. मध्यभागी कृष्णा आणि वारणा यांच्या काठचा उसाचा सधन प्रदेश आहे. पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत असा अवर्षणग्रस्त भाग आहे. तेथील मेंढपाळ कुटुंबे चाऱ्यासाठी हंगामी स्थलांतर करतात आणि मुलांची शाळा मध्येच तुटते. जत तालुक्यातील सीमेलगतच्या अनेक गावांत घरची भाषा कन्नड आहे, तर माणदेशातील मुलाची बोली पाठ्यपुस्तकातील प्रमाणभाषेहून बरीच वेगळी आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘ग्रामीण शाळा’ असा एकच नमुना नाही. कोठे विजेचा प्रश्न मोठा, कोठे उपस्थितीचा, कोठे भाषेचा. प्रत्येक शाळेस एकाच प्रकारचे यंत्र एकाच पद्धतीने दिल्याने हे प्रश्न सुटत नाहीत.

३. पूर्वपीठिका : लोकांच्या बळावर उभी राहिलेली शाळा

या परिसरातील शिक्षणाचा विचार कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या कार्यापासूनच सुरू करावा लागतो. कराडजवळील काले येथे १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यास हलले आणि तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहणारे वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र याच भूमीत रुजले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने यातील दोन बाबी विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे, १९३५ मध्ये संस्थेने ग्रामीण शिक्षक घडविण्यासाठी अध्यापक विद्यालय काढले. शाळांचा मोठा विस्तार करण्यापूर्वी शिक्षक तयार करणे, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. दुसरी बाब स्वावलंबी, म्हणजेच ‘व्हॉलंटरी’ शाळांची. जेथे सरकारी शाळा पोचली नव्हती अशा खेड्यांत संस्थेने शेकडो शाळा उभ्या केल्या. जागा गावाने द्यायची, देऊळ किंवा चावडी चालेल. शिक्षक संस्थेने पाठवायचा. शाळा गावाची आहे ही भावना तेथे आरंभापासूनच होती.

१९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ‘ग्रामशिक्षण मोहीम’ सुरू झाली. या मोहिमेत साक्षरतेचा संकल्प एकेका व्यक्तीने नव्हे, तर संपूर्ण गावाने करावयाचा होता. प्राथमिक शिक्षक आणि गावातील शिकलेली मंडळी रात्रीचे वर्ग चालवीत. गावातील प्रौढ लिहू-वाचू लागले की ‘ग्रामगौरव समारंभ’ होत असे. पुढे ही मोहीम राज्याच्या इतर भागांत पसरली आणि युनेस्कोनेही तिची दखल घेतली.

या मोहिमेने एक कठीण धडाही शिकविला. साक्षर झालेला माणूस वाचावयास काही मिळाले नाही, तर पुन्हा निरक्षर होतो. म्हणून साक्षरतेनंतरच्या वाचनाची आणि फिरत्या ग्रंथालयांची जोड आवश्यक मानली गेली. मिळविलेले कौशल्य वापरावाचून गंजते, हे तत्त्व अक्षरांइतकेच संगणकालाही लागू पडते.

४. यंत्राचा गावप्रवेश : वारणा खोऱ्यातील प्रयोग

भारतातील शाळांत संगणक नेण्याचा पहिला मोठा शासकीय प्रयत्न १९८४ मध्ये ‘क्लास’ या प्रकल्पाद्वारे झाला. परंतु गाव हा घटक धरून या परिसरात झालेला महत्त्वाचा प्रयोग म्हणजे १९९८ चा ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणानगर परिसराची सुमारे ७० गावे त्यासाठी निवडली गेली. केंद्र शासन, राज्य शासन आणि तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेला वारणेचा सहकारी समूह यांनी मिळून तो राबविला. गावोगावी संगणककेंद्रे स्थापन झाली. शेतीविषयक सल्ला, बाजारभाव, आरोग्य, शिक्षण अशी नाना प्रकारची माहिती गावकऱ्यांना मिळावी, असा व्यापक हेतू होता.

प्रत्यक्षात काय घडले? या केंद्रांचा मुख्य उपयोग उसाच्या व्यवहारासाठी होऊ लागला. उसाची नोंद, तोडणीची पाळी, गाळपास गेलेल्या उसाचे वजन, खताची उचल हीच माहिती शेतकरी विचारीत असत. शिक्षणाचा हेतू मागे पडला. काही वर्षांनी संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरील लघुसंदेशांची व्यवस्था करून पाहिली. शेतकऱ्याची गरज त्यातून अधिक स्वस्तात भागते, असे आढळले.

या प्रकल्पास केवळ ‘फसला’ म्हणून निकालात काढणे योग्य नव्हे. शेतकऱ्याला यंत्राची भीती वाटली नाही. त्याच्या रोजच्या निकडीचे उत्तर जेथे मिळत होते, तेथे त्याने ते वापरले. म्हणजे यंत्र टिकते ते निश्चित, वारंवार भासणाऱ्या गरजेच्या आधारावर. उसाच्या वजनाची गरज दर हंगामात होती, ती विचारणारा माणूस होता आणि तिचे उत्तर देणारी संस्था होती. शिक्षणाच्या बाबतीत अशी साखळी कोणी बांधली नव्हती. शाळेतील संगणकाची ‘रोजची गरज’ कोणती, हा प्रश्न वारणेने आपल्यापुढे ठेवला आहे.

गरजेतून साक्षरता कशी येते, याचे उदाहरण माण तालुक्यातील म्हसवड येथे सापडते. चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने तेथील महिला सहकारी बँक काढावयास निघाल्या, तेव्हा प्रवर्तक महिला निरक्षर असल्याच्या कारणाने त्यांचा पहिला अर्ज नामंजूर झाला. या महिलांनी वर्ग सुरू केले, त्या लिहा-वाचावयास शिकल्या आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. ज्या अंगठ्यामुळे त्यांना दार बंद झाले होते, त्याच हाताने त्यांनी सही केली. अक्षर हे कशासाठी तरी हवे असते, तसेच यंत्रही.

५. वाचनाचा पाया : फलटण आणि कुमठे

आता शाळेच्या आतील कामाकडे वळू. सातारा जिल्ह्यातील फलटण येथे १९६६ मध्ये मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन भाषाभ्यासक संशोधनासाठी आल्या. फलटणच्या मराठीतील सामाजिक भेद हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. पुढे त्या तेथेच स्थायिक झाल्या. वस्तीतील दलित मुले काही वर्षे शाळेत जाऊनही वाचू शकत नाहीत, हे त्यांनी पाहिले आणि त्यांच्यासाठी वर्ग सुरू केले. १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा यांचा उगम या कामातून झाला.

त्यांच्या पद्धतीचे सार असे सांगता येईल : संपूर्ण वर्णमाला क्रमाने पाठ होईपर्यंत मुलाला थांबवून ठेवावयाचे नाही. निवडक अक्षरांचा छोटा गट घ्यावयाचा, त्यांतूनच लगेच शब्द आणि वाक्ये तयार करावयाची, म्हणजे वाचन पहिल्या दिवसांपासून अर्थपूर्ण होते. त्याबरोबरच गोष्टी ऐकणे, बोलणे आणि स्वतःचे लिहिणे चालू ठेवावयाचे. मुलाची बोली हा दोष नसून शिक्षणाचा आरंभबिंदू आहे, ही भूमिका त्यामागे आहे.

दुसरे उदाहरण सातारा तालुक्यातील कुमठे बीटचे. शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील जिल्हा परिषदेच्या शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धत स्वीकारली. वर्गातील फरशीवर आखलेल्या आकृत्या, शब्दपट्ट्या, मणी, काड्या यांसारख्या साध्या साहित्याशी खेळत मुले स्वतः शिकू लागली. राज्यभरातील शिक्षक हे काम पाहावयास कुमठ्याला येऊ लागले. २०१५ मध्ये शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा या अनुभवाची मोठी चर्चा झाली.

या दोन्ही ठिकाणी बदल घडला तो यंत्रामुळे नव्हे. शिक्षकाचा मुलाकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला, पद्धत बदलली आणि प्रत्येक मुलाची प्रगती नियमितपणे पाहिली गेली. अशा शाळेत संगणक आला, तर त्याला काय करावयाचे हे ठाऊक असते.

६. कळफलक आणि वर्णमाला

मराठीच्या अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे असा मुद्दा आता येतो. शाळेत आलेला संगणक बहुधा इंग्रजी बोलत येतो. मराठी अक्षर उमटविण्यासाठी मूल रोमन लिपीत उच्चार टंकित करते आणि यंत्र त्याचे देवनागरीत रूपांतर करते. ज्याला मराठी अक्षरेच नीट येत नाहीत, त्याला आधी इंग्रजी अक्षरांचा वळसा घालावा लागतो. हा उलटा प्रवास होय.

वस्तुतः भारतीय भाषांसाठी १९८० च्या दशकात सिद्ध झालेला ‘इनस्क्रिप्ट’ कळफलक आपल्या वर्णमालेच्या शास्त्रावरच आधारलेला आहे. त्याची रचना पाहा. स्वर डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. ‘क’ ज्या कळीवर आहे, त्याच कळीवर शिफ्टसह ‘ख’ येतो. ‘ग’च्या कळीवर ‘घ’, ‘त’च्या कळीवर ‘थ’, ‘द’च्या कळीवर ‘ध’. म्हणजे अल्पप्राण आणि महाप्राण यांची जोडी एकाच कळीवर नांदते. शिवाय ‘क’च्या वरच्या ओळीत ‘ग’, ‘प’च्या वर ‘ब’, ‘त’च्या वर ‘द’ अशी अघोष-घोष मांडणी आहे. स्वरांतही ऱ्हस्व ‘इ’ मधल्या ओळीत तर दीर्घ ‘ई’ तिच्या वर. ‘उ’ मधल्या ओळीत तर ‘ऊ’ तिच्या वर. व्याकरणाच्या पुस्तकात जो भेद मुलाला पाठ करावा लागतो, तो येथे बोटांना कळतो.

आणखी एक उदाहरण घेऊ. ‘किरण’ हा शब्द हाताने लिहिताना आपण पहिली वेलांटी आधी काढतो आणि ‘क’ नंतर. उच्चारात मात्र ‘क’ आधी आणि ‘इ’ नंतर असते. नवशिक्या मुलाचा येथे नेहमी गोंधळ होतो. कळफलकावर ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर दाबावी लागते. म्हणजे उच्चाराचाच क्रम पाळला जातो, आणि पडद्यावर वेलांटी आपोआप योग्य जागी जाऊन बसते. हीच गोष्ट जोडाक्षरांची. ‘पुस्तक’ लिहिताना ‘स’, मग हलन्त, मग ‘त’ असा क्रम येतो. जोडाक्षर म्हणजे स्वर गळालेले व्यंजन अधिक पुढील अक्षर, ही फोड मुलाच्या डोळ्यांदेखत होते.

पूर्वी प्रत्येक मराठी फाँटची सांकेतिक व्यवस्था वेगळी असे. एका संगणकावर लिहिलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला की निरर्थक चिन्हे दिसत. युनिकोड या जागतिक प्रमाणामुळे ही अडचण मोठ्या प्रमाणात दूर झाली. आज वाडीवरील मुलाने लिहिलेले वाक्य जगात कोठेही तसेच वाचता येते. मराठीच्या शिक्षकाने कळफलकाकडे केवळ तांत्रिक कौशल्य म्हणून न पाहता भाषाशिक्षणाचे साधन म्हणून पाहावे, ते यासाठी.

७. पडद्याला मर्यादा, पुस्तकाला जागा

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकास क्यूआर संकेतांची जोड दिली. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे संकेत छापले जाऊ लागले आणि २०२० मध्ये डिसले यांना ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार मिळाला. या कल्पनेचे बळ असे की, येथे यंत्र पुस्तकाची जागा घेत नाही. ते पुस्तकातून उघडणारी खिडकी होते.

त्याच वर्षी आलेल्या कोविड साथीत घराघरांत मुलांच्या हाती मोबाइल आला आणि साथ ओसरल्यावरही तो सुटेना. यावर सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने स्वतःचा उपाय शोधला. १५ ऑगस्ट २०२२ पासून तेथे रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. पुढील दीड तास दूरदर्शनसंच व मोबाइल बंद आणि मुले अभ्यासास, असा नियम गावाने ठरविला. १९५९ च्या मोहिमेप्रमाणे येथेही संकल्प एका घराचा नव्हता, गावाचा होता.

पाचगणी-महाबळेश्वर मार्गावरील भिलार हे ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ४ मे २०१७ रोजी वाचकांसाठी खुले झाले. घरांच्या ओट्यांवर आणि खोल्यांत हजारो मराठी पुस्तके मांडलेली आहेत. स्ट्रॉबेरी पिकविणाऱ्या गावात पुस्तक हे पाहुण्याचे निमित्त झाले आहे.

वडगावचा भोंगा आणि भिलारची कपाटे संगणकाच्या विरोधात नाहीत. शिकण्यास निवांत वेळ लागतो आणि वाचण्यास मजकूर लागतो, या दोन गोष्टींची ती आठवण आहे. कोणताही संगणक त्या स्वतःहून पुरवीत नाही.

८. छोट्या शाळेसाठी कार्यदिशा

वरील विवेचनातून दोनशिक्षकी शाळेसाठी पुढील दिशा सुचविता येते.

(अ) शिक्षक आधी, यंत्र नंतर : यंत्र येण्यापूर्वी किमान एका शिक्षकाला त्याचा वर्गातील उपयोग आत्मविश्वासाने करता आला पाहिजे. त्याची बदली झाल्यास काम थांबू नये म्हणून दोघेही तयार असावेत.

(आ) खर्चाचा पूर्ण हिशेब : खरेदी हा एकदाचा खर्च, वीजबिल, दुरुस्ती आणि इंटरनेट हा कायमचा. ग्रामपंचायत किंवा शाळा व्यवस्थापन समितीने त्याची जबाबदारी आधीच लेखी स्वीकारावी.

(इ) रोजचे एक ठरलेले काम : मुलाने आपल्या बोलीत एक प्रसंग सांगावा, शिक्षकाने किंवा मोठ्या वर्गातील मुलाने तो टंकित करावा, छापलेले पान सर्वांनी वाचावे. आज शेळी व्याली, काल ओढ्याला पूर आला, अशी वाक्ये मूल आवडीने वाचते, कारण ती त्याची स्वतःची असतात. वर्षाअखेरीस या पानांचे शाळेचे पुस्तक होते. जत भागात हेच पान कन्नड व मराठी अशा दोन्ही भाषांत करता येईल.

(ई) प्रगतीची मोजणी : ‘शाळेत किती संगणक आहेत’ यापेक्षा ‘तिसरीतील किती मुले न अडखळता परिच्छेद वाचतात’ हा प्रश्न दर महिन्यास विचारावा.

९. सारांश

सातारा-सांगली परिसराचा अनुभव सांगतो की, शिक्षणाचे साधन टिकते ते गावाच्या सहभागावर, शिक्षकाच्या तयारीवर आणि रोजच्या गरजेवर. रयतच्या स्वावलंबी शाळांनी व ग्रामशिक्षण मोहिमेने पहिली गोष्ट दाखविली. फलटण व कुमठे यांनी दुसरी. वारणेने व म्हसवडने तिसरी. संगणकाची गरज कोणती, याचे उत्तर मराठीच्या अध्यापकाजवळ आहे : मुलाचे स्वतःचे वाक्य लिहिणे, वाचणे आणि जपून ठेवणे. आरंभी पाहिलेल्या तिसरीतील मुलीला ओळ वाचता आली, तरच कोपऱ्यातील ते कापड काढण्यास अर्थ येईल. आणि ते कापड योग्य रीतीने काढले, तर ती ओळ तिला लवकर वाचता येईल.

१०. स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘साक्षर झालेला माणूस पुन्हा निरक्षर होऊ शकतो.’ ग्रामशिक्षण मोहिमेच्या संदर्भात हे विधान स्पष्ट करा.
२. वारणा प्रकल्पाचा मूळ हेतू आणि प्रत्यक्ष उपयोग यांतील अंतराची कारणे लिहा.
३. ‘इनस्क्रिप्ट’ कळफलकाची रचना वर्णमालेच्या रचनेशी कशी जुळते, ते तीन उदाहरणांनी दाखवा.
४. आपल्या परिसरातील एका प्राथमिक शाळेस भेट देऊन तेथील संगणकाचा आठवडाभरातील उपयोग नोंदवा आणि त्यावर दोन पृष्ठांचे टिपण तयार करा.